युरियाच्या पाच गोण्या पाकिटांत गेल्या : पोरांची सुट्टी, घरचं अन्न आणि डिसेंबरातला हिशेब

शहादा (वार्ताहर) : मागच्या डिसेंबरची गोष्ट. गहू २१ दिवसांचा झाला होता. या दिवसांत गव्हाची मुकुटमुळं फुटतात, म्हणून पहिलं पाणी आणि त्यासोबत युरिया चुकवून चालत नाही. लाईट रात्रीची होती, जागून पाणी भरलं. युरियाला मात्र खिशात पैसे नव्हते, कापसाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेले. म्हटलं, गावातल्या किराणा दुकानदाराकडून चार दिवसांसाठी हातउसने घेऊ. त्यानं पैशांऐवजी उधारीची वही पुढं केली. म्हणाला, "भाऊ, आधी हे पान बघून घ्या."

पान दहा दिवसांचं होतं. नाताळाच्या सुट्टीचं. माझी धाकटी तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, तिला आठ दिवस सुट्टी. सुरतहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन पोरं आलेली. मी घरी येऊन त्या पानाचे दोन भाग केले. तेल, साखर, चहापत्ती, साबण एका बाजूला. कुरकुरीत पाकिटं, बिस्किटं, दोन मिनिटांच्या शेवया, टोस्ट, थंड बाटल्या दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या बाजूची बेरीज आली १,३४० रुपये.

युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना मिळते. म्हणजे पाच गोण्या. मला दोनच लागत होत्या.

त्या वर्षी युरिया आठ दिवस उशिरा पडला. नुकसान किती झालं ते छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण बांधाला बांध लागून असलेल्या शेतातला गहू आणि माझा गहू यातला फरक रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसत होता. हा लेख त्या पानामुळे लिहितो आहे. आता पुन्हा सुट्टी तोंडावर आली आहे. नवापूरकडे कितीतरी गावांत नाताळ मोठा असतो, सारंगखेड्याची यात्रा याच महिन्यात, मग संक्रांत. घरात माणसं वाढतात आणि खर्चही वाढतो.

एक गोष्ट आधीच सांगतो. आपल्याच जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. बारडोलीकडच्या फडात पहाटे तीन वाजता उठून भाकर करणाऱ्या बाईला काटकसर शिकवायची माझी लायकी नाही. हे लिहिणं ज्यांच्या घरी थोडंफार पिकतं आणि तरीही पैसा दुकानात जातो, त्यांच्यासाठी आहे. म्हणजे माझ्यासारख्यांसाठी.

पाकीट उलटं करून वाचा

पोराच्या हातातलं पाकीट घ्या, उलटं करा आणि वजन वाचा. दहा रुपयांत २५ ग्रॅम असेल तर किलोचा भाव झाला ४०० रुपये. बटाट्याचा किंवा मक्याचा ४०० रुपये किलो! आपण मका विकायला नेतो तेव्हा क्विंटलला शंभर रुपये कमी मिळाले तर दिवसभर तोंड पाडून बसतो. पाच-दहा रुपये सुटे असतात म्हणून ते जाणवत नाहीत. चार पोरं, दिवसातून दोनदा, दहा दिवस. दहा रुपयांच्या पाकिटाचे झाले ८०० रुपये.

पैशाचं एक, पोटाचं दुसरं. पाकीट खाल्लं की पोराला जेवण जात नाही आणि तासाभरानं परत भूक लागते. सुट्टीत हे जास्त होतं, कारण शाळेतलं दुपारचं जेवण बंद असतं. ते जेवण किती मोजून दिलेलं असतं, हे बऱ्याच पालकांना माहीत नाही. सरकारी नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या मुलाला दर दिवशी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. सहावी ते आठवीच्या मुलाला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. घरात असं एक लहान आणि एक मोठं पोर असेल, तर दहा दिवसांच्या सुट्टीत शाळेचं ते जेवण भरून काढायला अर्धा किलो डाळ, अडीच किलो धान्य आणि सव्वा किलो भाजी लागते. एवढंच. धान्य तर रेशनवर येतं. १ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ते मोफत आहे, प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कार्डावर ३५ किलो. डाळ आणि भाजी आपल्या वावरात उभी आहे. मग अडतंय कुठं?

तूर विकतो आणि डाळ विकत आणतो

अडतंय ते इथं. आमच्या घरी सहा माणसं. रोज २०० ग्रॅम तुरीची डाळ धरली तर वर्षाला ७३ किलो. एक क्विंटल तूर घरच्या किंवा गावातल्या चक्कीवर भरडली तर साधारण ७० किलो डाळ पडते, वर चुणी-भुसा ढोरांना. २०२५-२६ च्या हंगामाला तुरीचा हमीभाव ८,००० रुपये क्विंटल आहे. बाजारात तेवढा मिळतोच असं नाही, पण तेवढा धरला तरी घरची डाळ ११४-११५ रुपये किलोनं पडली, भरडाई वेगळी. आता तुमच्या दुकानातला जून-जुलैतला डाळीचा भाव आठवा आणि स्वतःच ताळा करा. भाव खाली असताना तूर विकली असेल तर फरक आणखी मोठा.

मी कितीतरी वर्षं सगळी तूर जानेवारीत आडतीवर टाकत होतो आणि मार्चपासून पावशेर-पावशेर डाळ आणत होतो. तेही अशा जिल्ह्यात राहून, जिथल्या नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे! लोक नाव काढून ही डाळ मागतात आणि आम्ही पिकवणारे दुकानातली पाकिटं फोडतो.

यंदा एक क्विंटल बाजूला ठेवायची असं ठरवलं आहे. सगळ्यांना ते जमणार नाही, सोसायटीचं कर्ज आणि मजुरी डोक्यावर असते. क्विंटल नाही तर २५ किलो ठेवा. कडक ऊन देऊन, कोरडी करून, कडुनिंबाचा सुकलेला पाला घालून कोठीत भरा. ओल राहिली की सगळी मेहनत किडे खातात.

मिरचीचंही तेच. नंदुरबारची मिरची महाराष्ट्रभर जाते, शहराबाहेरच्या पथाऱ्या लालेलाल झालेल्या तुम्ही पाहिल्याच असतील, आणि गावात मात्र तिखटाची पाच रुपयांची पुडी खपते. आमचूरही तसाच. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली माणसं उन्हाळ्यात कैऱ्या कापून, वाळवून आमचूर विकतात. तोच दळून, पुडीत भरून आपल्याकडे परत येतो. घरात एक किलो आमचूर असला तर वर्षभर डाळीला टोमॅटो महाग झाल्याची भीती नाही.

या महिन्यात शिवारात काय काय आहे

वर्षातला सगळ्यात श्रीमंत महिना हा. उन्हाळ्यात काटकसर म्हणजे पोट मारणं होतं, डिसेंबरात तसं नाही. फक्त बघावं लागतं.

हरभऱ्यापासून सुरुवात करू. पेरून महिना झाला की शेंडे खुडतात. शेंडा गेला की बाजूच्या फांद्या फुटतात, फांद्या वाढल्या की घाटे वाढतात. म्हणजे भाजीही मिळते आणि पिकालाही बरं. हा पाला बारीक चिरून, लसूण-मिरचीची फोडणी देऊन, थोडं डाळीचं पीठ किंवा शेंगदाण्याचा कूट लावून केला की ज्वारीच्या भाकरीसोबत दुसरं काही लागत नाही. आंबटपणा त्याचा त्यातच असतो. जास्त झाला तर सावलीत वाळवून ठेवा, एप्रिल-मेमध्ये भाजीची टंचाई असते तेव्हा कामाला येतो. एक काळजी मात्र घ्यायची. फवारणी केली असेल तर औषधाच्या डब्यावर किती दिवस थांबायचं ते लिहिलेलं असतं, तेवढे दिवस पाल्याला हात लावायचा नाही. शेजारच्या वावरातून उडालेलं औषधही धरा.

तुरीच्या ओल्या शेंगा. मीठ टाकून उकडायच्या आणि घमेल्यात ओतून पोरांसमोर ठेवायच्या. चार पोरं तास-दीड तास गप्प बसतात, मोबाईलसुद्धा मागत नाहीत, हा माझा अनुभव. उरलेले दाणे सोलून लसूण-मिरचीत भरडून त्यांची आमटी.

मग वांगी. भरताची मोठी हिरवी वांगी आणि कपाशीच्या पऱ्हाट्या. कोळशावर नाही, पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजायची. तो धूर लागला पाहिजे. साल काढून हिरवी मिरची आणि लसणासोबत लाकडी बडगीत ठेचायची, वर कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात तळलेले शेंगदाणे. गॅस लागत नाही. तेलही, खरं सांगायचं तर, हात आखडून घातलं तरी चालतं. पण आमच्याकडे भरीत म्हटलं की माणसं तेलाकडे बघत नाहीत आणि तिथंच काटकसर बुडते, हेही लिहून ठेवतो. दहा माणसांना पाव किलो तेल पुरे होतं.

भरतासोबत कळण्याची भाकर. चार किलो ज्वारीला एक किलो सालीसकट उडीद, मूठभर खडेमीठ, एकत्र दळायचं. आजी हेच प्रमाण ठेवायची, काही घरी उडीद जास्त घालतात. यामागे जुन्या बायकांचं शहाणपण आहे, आणि आहारशास्त्रही तेच सांगतं. धान्याच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, डाळीत तो भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात असतं. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरा भरतो. नुसत्या ज्वारीपेक्षा कळण्याची भाकर पोटाला जास्त वेळ धरते, ते उगाच नाही.

सातपुड्याच्या बाजूला असाल तर मोर, बंटी, नागली घरात असेल. नागलीत १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. गहू-तांदळात त्याच्या जवळपासही नसतं. २०२३ हे साल जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं गेलं, शहरात नागलीची बिस्किटं आली, आणि आपल्याकडे पाहुणा आला की नागलीची भाकर झाकून ठेवतात.

पोरांच्या मधल्या भुकेला काय? शेंगदाणा भाजून, गूळ घालून कुटायचा आणि लाडू वळायचे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात २४-२५ ग्रॅम प्रथिनं असतात. तूप नाही, पाक नाही, पंधरा मिनिटांचं काम. संक्रांतीसाठी आणलेले तीळ थोडे आधीच वापरले तरी कुणी ओरडत नाही. मागच्या उन्हाळ्याचे ज्वारीचे बिबडे डब्यात असतील तर ते निखाऱ्यावर भाजा. कुरकुरीतच हवंय ना पोरांना? मग पाकिटापेक्षा ते जास्त वाजतात.

यात्रेला जाताना दशम्या न्या. दुधात कणीक भिजवून केलेली दशमी दोन दिवस मऊ राहते, सोबत शेंगदाण्याची चटणी. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या, घोडे बघा, पाळण्यात बसा. पोराला एक प्लेट भजीही घेऊन द्या. पण सहा माणसांचं पूर्ण जेवण यात्रेतल्या हॉटेलात करायचं म्हणजे घोड्याच्या बाजारात जाऊन खिसा रिकामा करून येणं आहे, तोही घोडा न घेता.

पाहुण्यांसमोर भाकर वाढायची लाज

पाकिटांचा खर्च पोरांमुळे होतो असं आपण म्हणतो. मी वहीचं पान परत वाचलं तेव्हा वेगळंच दिसलं. निम्म्या वस्तू मीच आणल्या होत्या. सुरतहून भाऊ येणार, त्याची पोरं शहरातली, त्यांना आपलं काय आवडणार, असं धरून मी पहिल्याच दिवशी मोठी पिशवी भरून आणली. पोरांनी मागितलंच नव्हतं.

आणि झालं काय? चौथ्या दिवशी आई पिशवीकडे बघून अहिराणीत म्हणाली, "घरमा शे ना, मंग इकत कसाले लेस?" त्या संध्याकाळी तिनं वावरात जाऊन वांगी आणली, पऱ्हाट्या पेटवल्या. सुरतची दोन्ही पोरं जाळाभोवती बसली. थोरला तीन भाकरी जेवला. वहिनी म्हणाल्या, हिवाळ्यात सुरतेत तापीकाठी ज्वारीचा पोंक विकायला बसतात, लोक गाड्या घेऊन येतात, आणि भाव ऐकून आपण परत फिरतो. पोंक म्हणजे आपला हुरडाच. नदीसुद्धा तीच, आपल्याकडून वाहत तिकडे गेलेली. तिथं लोक पैसे मोजून जे खातात ते वाढायची मला इथं लाज वाटत होती.

घरचं म्हणजे फुकट नाही

इथं थोडं थांबून पुरुष वाचकांशी बोलायचं आहे. घरचं अन्न स्वस्त, हे आपण सहज बोलतो. दहा माणसांच्या भाकरी म्हणजे तीस-पस्तीस भाकरी, दोन वेळा. थापणारे हात एकाच बाईचे असतील तर सुट्टी पोरांना आणि शिक्षा तिला. माझी बायको दिवसा कापूस वेचते आणि संध्याकाळी चुलीसमोर बसते. मागच्या वर्षी पाकिटं आली त्यात तिची दमणूकही होती, हे मला नंतर कळलं.

म्हणून कामं वाटली पाहिजेत. शेंगा सोलणं, लसूण निवडणं, पाला खुडणं पोरांचं. वांगी भाजणं आणि बडगीत ठेचणं पुरुषांचं. खानदेशात भरीत-पार्टीला शेतात हे काम पुरुष हौसेनं करतातच, मग घरी का नाही? दळण सुट्टीआधीच आणून ठेवायचं. डाळ शिजवण्याआधी अर्धा-पाऊण तास भिजवली की गॅस कमी जळतो आणि चुलीसमोरचा वेळही वाचतो. आणि एक वेळ खिचडी-कढी. रोज दोन्ही वेळा भाकर झालीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही.

इथं मात्र हात आखडू नका

काटकसरीच्या नादात चुकीच्या जागी कात्री लागते, ती लावू नये. घरी दूध होत असेल तर सगळंच डेअरीला घालू नका, लहान पोरांपुरतं काढून ठेवा. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटातून काहीही कमी करू नका. धडगाव-अक्कलकुव्यातलं कुपोषण आपण बातम्यांत वाचतो, पण त्याची सुरुवात अशा ताटापासूनही होते. जमत असेल त्यांनी अंडी ठेवावीत. जेवणात लिंबू किंवा आवळा असू द्या, त्यामुळे बाजरी-पालेभाजीतलं लोह अंगाला लागतं. मीठ आयोडीनचंच घ्या, सुटं खडेमीठ रोजच्या भाजीला नको. कळण्यात मूठभर जातं तेवढं पुरे.

बुरशी आलेला शेंगदाणा किंवा मका "चांगले दाणे निवडून घेऊ" म्हणून खाऊ नका. त्या बुरशीचं विष भाजल्यानंही पूर्ण जात नाही आणि ते लिव्हरवर जातं. तळणीचं तेल काळं होईपर्यंत परत परत तापवू नका. या दोन गोष्टींत वाचलेले पन्नास रुपये दवाखान्यात पाचशे होऊन जातात.

यंदा भाऊ २४ तारखेला येतोय. कळण्याचं दळण झालं आहे, शेंगदाणे फोडून ठेवले आहेत, दुकानातून पोरांसाठी बिस्किटाचे दोन मोठे पुडे आणलेत. अगदीच काही आणायचं नाही असाही हट्ट नाही. युरियाच्या दोन गोण्या मागच्याच आठवड्यात घरात येऊन पडल्या. हरभऱ्याचे शेंडे खुडायचे राहिले आहेत, ते पोरं आल्यावर त्यांच्या हातून. तुमचा हरभरा आधीचा पेरलेला असेल तर पाहुण्यांची वाट बघू नका. फुलं दिसायच्या आत खुडा, फुलावर आलेल्या हरभऱ्याला मग हात लावता येत नाही.